बहुसंघ-मालकी आणि व्यावसायिक फुटबॉल क्लब : मुंबई सिटीच्या सहा वर्षांचा अन्वयार्थ

१. प्रास्ताविक

दि. २८ नोव्हेंबर २०१९ रोजी मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या 'सिटी फुटबॉल ग्रुप' या समूहाने इंडियन सुपर लीगमधील मुंबई सिटी एफसी या क्लबचे ६५ टक्के भागभांडवल घेत असल्याचे जाहीर केले. दि. २६ डिसेंबर २०२५ रोजी त्याच समूहाने हा हिस्सा सोडून क्लब पुन्हा मूळ भारतीय मालकांच्या हाती सोपविला. या दोन तारखांमध्ये सहा वर्षे आणि एक महिना एवढे अंतर आहे. या काळात क्लबने दोन वेळा साखळीतील अग्रस्थानाची ढाल आणि दोन वेळा अजिंक्यपदाचा चषक जिंकला, तसेच आशियाई पातळीवर भारतीय क्लबला पूर्वी न साधलेला विजयही मिळविला. असे असूनही समूहाने प्रस्थान ठेवले, आणि त्याची कारणे मैदानावरील कामगिरीत नव्हती.

एकाच व्यक्तीकडे, कंपनीकडे किंवा समूहाकडे एकाहून अधिक क्लबांची मालकी असणे, याला प्रस्तुत लेखात 'बहुसंघ-मालकी' असे म्हटले आहे. अशा मालकीचा क्लबवर नेमका काय परिणाम होतो, तो कोणत्या मार्गांनी होतो, आणि महाराष्ट्रातील फुटबॉलच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, या तीन प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे. वाणिज्य, अर्थशास्त्र, शारीरिक शिक्षण आणि समाजशास्त्र या चारही विद्याशाखांच्या सीमेवर हा विषय उभा असल्याने महाविद्यालयीन अध्यापकांनी त्याची दखल घेणे अगत्याचे वाटते.

२. संकल्पना : क्रीडा-उद्योगाचे वेगळेपण

सामान्य उद्योगात प्रतिस्पर्ध्याचा नाश हा मालकाचा लाभ मानला जातो. गावात एकच साबण कारखाना उरला तर त्याच्या मालकाचे उत्पन्न वाढते. क्रीडा-उद्योगात मात्र प्रतिस्पर्धी नाहीसा झाला तर विकावयाची वस्तूच नाहीशी होते, कारण येथे विकला जातो तो सामना, आणि सामना एकट्याने खेळता येत नाही. वॉल्टर नील या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये व्यावसायिक क्रीडेच्या या विलक्षण अर्थकारणाकडे लक्ष वेधले. त्यापूर्वी १९५६ मध्ये सायमन रॉटनबर्ग यांनी बेसबॉल खेळाडूंच्या श्रमबाजाराचा अभ्यास करताना 'निकालाची अनिश्चितता' हा विचार मांडला होता. प्रेक्षक पैसे मोजतो तो निकाल ठाऊक नसल्यामुळे. ही अनिश्चितता खरी आहे, असा विश्वास असणे हे प्रत्येक लीगचे मूळ भांडवल होय.

बहुसंघ-मालकीचा प्रश्न येथेच उद्भवतो. समोरासमोर उभ्या ठाकलेल्या दोन संघांचा धनी एकच असेल तर सामना प्रामाणिकपणे खेळला गेला, तरीही त्याविषयी संशय राहतो. आणि संशयानेही भांडवल झिजते. मात्र सर्व प्रकारची बहुसंघ-मालकी सारखी नसते. विवेचनाच्या सोयीसाठी तिचे तीन प्रकार करता येतील. पहिला प्रकार, एकाच लीगमधील दोन वा अधिक क्लब एका मालकाकडे असणे. दुसरा, एकाच देशातील परंतु भिन्न लीगमधील क्लब एका मालकाकडे असणे. तिसरा, निरनिराळ्या देशांतील क्लब एका समूहात ओवले जाणे. महाराष्ट्रातील वाचकाला साखर कारखान्यांचा दाखला जवळचा वाटेल. एकाच नेतृत्वाच्या छत्राखाली दोन शेजारी कारखाने असले की ऊस कोणत्या कारखान्याकडे वळवावा, हा निर्णय सभासदाच्या सोयीने होतो की नेतृत्वाच्या, हा प्रश्न गावोगाव विचारला जातो. खेळाडूंच्या बाबतीत हाच प्रश्न क्लबचा समर्थक विचारतो.

३. एकाच लीगमध्ये एकच मालक : पूर्वानुभव

या प्रकाराचे सर्वांत बोलके उदाहरण फुटबॉलमधील नसून अमेरिकन बेसबॉलमधील आहे. १८९९ मध्ये रॉबिसन बंधूंकडे क्लीव्हलँड आणि सेंट लुईस या एकाच लीगमधील दोन क्लबांची मालकी होती. सेंट लुईसमध्ये प्रेक्षक अधिक येतील या हिशेबाने त्यांनी क्लीव्हलँडचे नामांकित खेळाडू तिकडे हलविले. परिणामी क्लीव्हलँड संघाने त्या हंगामात २० सामने जिंकले व १३४ गमावले. पुढील वर्षी लीगने बारा संघांचे आठ केले. वगळलेल्या चार संघांत क्लीव्हलँड होता. मालकाच्या दृष्टीने पाहिले तर निर्णय हिशेबी होता. क्लीव्हलँडच्या नागरिकाच्या दृष्टीने मात्र त्याचा संघ त्याच्याच मालकाने संपविला.

याच्या उलट बाजूही आहे. अमेरिकेतील मेजर लीग सॉकर ही फुटबॉल स्पर्धा १९९६ मध्ये सुरू झाली. तोटा वाढत गेल्याने जानेवारी २००२ मध्ये तिने बारांपैकी दोन क्लब बंद केले. उरलेल्या दहा क्लबांपैकी सहा क्लब त्या काळी एकट्या फिलिप अँशुट्झ यांच्या समूहाकडे होते, आणि लामार हंट यांच्याकडेही एकाहून अधिक क्लब होते. म्हणजे दोन घरांच्या तिजोरीवर जवळजवळ संपूर्ण लीग तगून होती. तेथे बहुसंघ-मालकी ही महत्त्वाकांक्षा नव्हती; गुंतवणूकदार मिळत नसल्याने पत्करलेली ती आपत्कालीन तरतूद होती. पुढे लीगची पत वाढली तसे हे क्लब एकेक करून नव्या मालकांना विकले गेले. २००६ मध्ये न्यूयॉर्कचा क्लब रेड बुल या पेय-कंपनीने घेतला. हंट यांच्या कुटुंबाने २००६ मध्ये कॅन्सस सिटी व २०१३ मध्ये कोलंबस हे क्लब विकले. अँशुट्झ समूहाकडे अखेर लॉस एंजेलिस गॅलेक्सी हा एकच क्लब राहिला.

या दोन उदाहरणांतून एक महत्त्वाचा भेद स्पष्ट होतो. क्लीव्हलँडमध्ये एका क्लबची साधने दुसऱ्याकडे वळविणे मालकाला शक्य होते. मेजर लीग सॉकरमध्ये खेळाडूंचे करार क्लबांशी नसून लीगशी होत असत व वेतनावर मर्यादा होती; त्यामुळे एका क्लबला लुबाडून दुसरा सजविण्यास फारसा वाव नव्हता. म्हणजेच बहुसंघ-मालकीचा परिणाम केवळ मालकावर अवलंबून नसतो. लीगचे नियम मालकाचे हात कितपत बांधतात, यावर तो ठरतो.

भारतातही या प्रकाराचा एक प्रसिद्ध दाखला आहे. १९९८ मध्ये विजय मल्ल्या यांच्या यूबी समूहाने कोलकात्यातील मोहन बागान आणि ईस्ट बेंगॉल या दोन्ही परंपरागत प्रतिस्पर्ध्यांशी करार करून दोन्हींच्या फुटबॉल कंपन्यांत निम्मा-निम्मा हिस्सा घेतला. एक क्लब 'मॅकडॉवेल' हे नाव लावून खेळू लागला, दुसरा 'किंगफिशर'. देशातील सर्वांत तीव्र फुटबॉल-वैराच्या दोन्ही बाजूंना एकाच घराण्याची नाममुद्रा होती. तरीही हे वैर ओसरले नाही. याचे कारण असे दिसते की भागभांडवल निम्मे असले तरी क्लबांचा कारभार सभासदांनी निवडलेल्या पदाधिकाऱ्यांच्या हाती राहिला. मालकी आणि नियंत्रण या दोन गोष्टी एक नव्हेत, हे वाणिज्य शाखेतील कंपनी-कायद्याचे प्राथमिक तत्त्व येथे प्रत्यक्षात दिसते.

४. एकाच देशात दोन लीग : गोवा व कोलकाता

इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये आठ संघांनिशी सुरू झाली, तेव्हा देशात आय-लीग ही राष्ट्रीय स्पर्धा चालूच होती. एफसी गोवा या नव्या क्लबच्या मूळ भागीदारांत व्हिडिओकॉनचे वेणुगोपाल धूत यांच्यासमवेत दत्तराज साळगावकर व श्रीनिवास धेंपो हे होते. धेंपो व साळगावकर ही गोव्याच्या फुटबॉलमधील जुनी नावे. धेंपो क्लबने राष्ट्रीय अजिंक्यपद पाच वेळा, तर साळगावकर क्लबने दोन वेळा जिंकले होते. जुन्या क्लबांच्या परंपरेशी जोडलेली घराणी आता नव्या लीगमध्येही भागीदार झाली.

२०१६ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने सुपर लीगला अग्रस्थान देणारा आराखडा मांडला. त्याच्या निषेधार्थ साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो हे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. पुढे २०१९-२० पासून सुपर लीग हीच देशातील सर्वोच्च लीग मानली जाऊ लागली. माघारीचे कारण महासंघाचे धोरण होते, मालकांची दुहेरी भागीदारी नव्हे, हे नमूद केले पाहिजे. तथापि एकाच प्रदेशातील मर्यादित भांडवल व प्रेक्षक दोन लीगमध्ये विभागले गेले की जुना क्लब कृश होत जातो, ही बाब नाकारता येत नाही. धेंपो क्लब अनेक वर्षांनंतर खालच्या श्रेणीतून वर येत २०२४-२५ च्या हंगामात आय-लीगमध्ये परतला.

कोलकात्यात हाच प्रश्न अस्मितेच्या रूपाने पुढे आला. सुपर लीगमधील एटीके या क्लबचे मालक असलेल्या आरपीएसजी समूहाने जानेवारी २०२० मध्ये मोहन बागानच्या फुटबॉल विभागातील ८० टक्के हिस्सा घेण्याचे जाहीर केले. एटीके विसर्जित झाला आणि 'एटीके मोहन बागान' हे जोडनाव अस्तित्वात आले. १८८९ मध्ये स्थापन झालेल्या क्लबच्या नावापुढे सहा वर्षांच्या क्लबची आद्याक्षरे लागावीत, हे समर्थकांना रुचले नाही. दीर्घ निषेधानंतर २०२३ मध्ये ती आद्याक्षरे गेली व 'मोहन बागान सुपर जायंट' हे नाव आले. 'सुपर जायंट' हा शब्दप्रयोग मात्र त्याच समूहाच्या लखनौ येथील क्रिकेट संघाच्या नावातला आहे. समर्थकांचा आवाज मालकाला वळवू शकतो, पण संपूर्णपणे नव्हे, हे या तडजोडीतून दिसते.

५. मुंबई सिटी : समूहाने काय दिले?

मुंबई सिटी क्लबची स्थापना २०१४ मध्ये झाली. अभिनेते रणबीर कपूर व बिमल पारेख हे त्याचे मालक होते. २०१९ च्या व्यवहारानंतर त्यांच्याकडे ३५ टक्के हिस्सा राहिला. सिटी समूहाचा हा आठवा क्लब होय. मँचेस्टर, न्यूयॉर्क, मेलबर्न, योकोहामा, माँटेव्हिडिओ, जिरोना आणि चीनमधील सिचुआन येथे त्याची भागीदारी आधीच होती. मुंबईच्या घोषणेच्या आदल्याच दिवशी सिल्व्हर लेक या अमेरिकी गुंतवणूक संस्थेने समूहात ५० कोटी डॉलर गुंतविल्याचे जाहीर झाले होते. मुंबईचा प्रवेश हा जागतिक विस्ताराचा एक टप्पा होता, ही गोष्ट पुढील घटना समजून घेताना लक्षात ठेवावी.

कामगिरीचा आलेख थोडक्यात असा. समूह येण्यापूर्वी क्लबने २०१६ मध्ये साखळीत पहिले स्थान मिळविले व २०१६ आणि २०१८-१९ या हंगामांत उपांत्य फेरी गाठली. विजेतेपद एकही नव्हते. २०२०-२१ मध्ये ढाल आणि चषक दोन्ही मिळाले, दि. १३ मार्च २०२१ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर एटीके मोहन बागानविरुद्ध बिपिन सिंगच्या अखेरच्या मिनिटातील गोलने २-१ असा विजय लाभला. एप्रिल २०२२ मध्ये रियाध येथे इराकच्या एअर फोर्स क्लबला नमवून मुंबई सिटी हा आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरला. २०२२-२३ मध्ये पुन्हा ढाल आणि दि. ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानवर ३-१ अशी मात करून पुन्हा चषक मिळाला. २०२४-२५ मध्ये मात्र संघ सहावा आला व बाद फेरीत बेंगळुरूकडून ०-५ असा पराभूत झाला.

हे यश समूहामुळे मिळाले, असा निष्कर्ष सहज काढला जातो. परंतु 'नंतर घडले म्हणून त्यामुळे घडले' हा तर्कदोष टाळला पाहिजे. २०२०-२१ च्या संघाचा कणा पाहू. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा, तसेच ह्यूगो बूमू, मुर्तादा फॉल, अहमद जाहू व मंदार राव देसाई हे सर्व एफसी गोवामधून आले होते. एफसी गोवाने २०१९-२० मध्ये ढाल जिंकली होती. म्हणजे पहिल्या दुहेरी यशात समूहाच्या जागतिक जाळ्यापेक्षा समूहाच्या आर्थिक बळाचा आणि एका सिद्ध संघाच्या स्थलांतराचा वाटा मोठा होता. एवढे तर कोणताही धनवान एकल मालकही करू शकला असता.

समूहाचे खास योगदान त्यानंतर दिसते. ऑक्टोबर २०२१ मध्ये लोबेरा क्लब सोडून समूहाच्या चीनमधील क्लबकडे गेले. त्यांच्या जागी मेलबर्न सिटीचे सहायक प्रशिक्षक डेस बकिंगहॅम आले. ते नोव्हेंबर २०२३ मध्ये इंग्लंडमधील ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेल्यावर पुन्हा मेलबर्नमधूनच पीटर क्रात्की आले. दोनदा मुख्य प्रशिक्षक गेले. दोन्ही वेळा त्याच खेळपद्धतीत मुरलेला माणूस उपलब्ध होता. भारतीय क्लबांत प्रशिक्षक बदलला की संपूर्ण संघबांधणी नव्याने होते, हा नेहमीचा अनुभव. मुंबई सिटीत तसे झाले नाही, आणि तीन वेगळ्या प्रशिक्षकांच्या काळात सन्मान मिळत राहिले. ज्ञानाचे सातत्य हा समूह-मालकीचा खरा लाभ म्हणता येईल. तो पैशाने विकत घेता येत नाही, कारण तो व्यक्तीत नसून रचनेत असतो.

६. समूहातील क्लबची उतरंड

या लाभाची दुसरी बाजू अशी की समूहातील सर्व क्लब समान दर्जाचे नसतात. एक मध्यवर्ती क्लब असतो व इतर त्याच्या भोवतालच्या वर्तुळांत असतात. २०२३-२४ हा हंगाम या दृष्टीने उद्बोधक आहे. स्पेनमधील जिरोना क्लबने त्या वर्षी तिसरे स्थान मिळविले. त्यात चमकलेला ब्राझिलियन खेळाडू साव्हियो हा कागदोपत्री समूहाच्या फ्रान्समधील त्र्वा क्लबचा होता. त्र्वासाठी तो एकही अधिकृत सामना खेळला नाही, आणि पुढे मँचेस्टर सिटीत दाखल झाला. त्याच हंगामात त्र्वा संघ फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीत तळाच्या स्थानांत गेला. दुसऱ्या एका क्लबची प्रशासकीय पदावनती झाली म्हणूनच तो तिसऱ्या श्रेणीत घसरण्यापासून वाचला. एकाच समूहात, एकाच वर्षी, एका क्लबचे भाग्य उजळले व दुसऱ्याचे मावळले. समूहाच्या ताळेबंदात हा व्यवहार तोट्याचा नाही. त्र्वाच्या प्रेक्षकाला मात्र आपला ताळेबंद वेगळा मांडावा लागतो.

नागपूरकरांना हा अनुभव अगदीच अपरिचित नाही. १८७७ मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलने या शहराला रोजगार व ओळख दिली. पण तिच्या मोठ्या निर्णयांचे केंद्र मुंबईत होते. केंद्र दूर असले की ते वाईटच असते असे नाही. एम्प्रेस मिलमधील कामगार-कल्याणाच्या योजना त्या काळी आदर्श मानल्या गेल्या. परंतु दूरच्या केंद्राला परिघ ज्या अंतरावरून दिसतो, त्या अंतरावरून परिघावरील माणसाचे दुःख लहान दिसते.

आंतरराष्ट्रीय नियामक संस्थांनी या प्रश्नाकडे मुख्यतः स्पर्धेच्या सचोटीच्या अंगाने पाहिले. एनिक या ब्रिटिश कंपनीकडे ग्रीसचा एईके अथेन्स व चेक प्रजासत्ताकाचा स्लाव्हिया प्राग हे दोन्ही क्लब होते. ते एकाच युरोपीय स्पर्धेस पात्र ठरल्याने युरोपीय फुटबॉल संघटनेने १९९८ मध्ये एकाच नियंत्रणाखालील दोन क्लबांना एका स्पर्धेत मज्जाव करणारा नियम केला, आणि १९९९ मध्ये क्रीडा लवादाने तो ग्राह्य ठरविला. २०२४ मध्ये मँचेस्टर सिटी व जिरोना दोघेही चॅम्पियन्स लीगला पात्र ठरले, तेव्हा समूहाला जिरोनातील आपला हिस्सा स्वतंत्र विश्वस्तांकडे द्यावा लागला. २०२५ मध्ये मेक्सिकोतील पाचुका व लिऑन या एकाच समूहाच्या क्लबांपैकी लिऑनला क्लब विश्वचषकातून वगळले गेले, आणि इंग्लंडच्या क्रिस्टल पॅलेसला फ्रान्समधील लिआँशी असलेल्या समान मालकीमुळे खालच्या युरोपीय स्पर्धेत खेळावे लागले. दोन्ही ठिकाणी शिक्षा भोगली ती मैदानावर पात्रता सिद्ध केलेल्या खेळाडूंनी. हे सर्व नियम सामन्याचे रक्षण करतात. परिघावरील क्लबचे, त्याच्या गावाचे व प्रेक्षकाचे रक्षण करणारा नियम त्यांत आढळत नाही.

७. प्रस्थान आणि त्याचा अर्थ

भारतीय लीगचे अर्थकारण २०१० च्या एका करारावर उभे होते. महासंघाने व्यावसायिक हक्क १५ वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांना रिलायन्सशी संबंधित कंपनीकडे दिले होते. डिसेंबर २०२५ मध्ये ही मुदत संपली. नूतनीकरण रखडल्याने जुलै २०२५ मध्येच पुढील हंगाम थांबविण्यात आला, आणि नंतर काढलेल्या निविदेला नोव्हेंबर २०२५ पर्यंत एकही बोली आली नाही. लीगच्या भवितव्याविषयीची ही अनिश्चितता आणि आपला व्यावसायिक आढावा यांचा हवाला देऊन सिटी समूह बाहेर पडला. त्यानंतर जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी लीग १४ फेब्रुवारीपासून सुरू होणार असल्याचे जाहीर केले.

क्रीडा-अर्थशास्त्रातील अनिश्चितता दोन प्रकारची असते. सामन्याच्या निकालाची अनिश्चितता लीगला जगविते. लीगच्या अस्तित्वाची अनिश्चितता तिला मारते. अनेक देशांत पैसा पसरलेल्या समूहाला दुसऱ्या प्रकारच्या अनिश्चिततेवर सोपा उपाय असतो : तो भांडवल अन्यत्र हलवितो. एकाच क्लबचा मालक हे सहजी करू शकत नाही. समूहाचे जाळे ज्ञान आणण्यास जितके उपयोगी, तितकेच ते बाहेर पडण्याचा रस्ताही सोपा करते.

तरीही केवळ समूह-मालकीला दोष देणे न्याय्य ठरणार नाही. महाराष्ट्राचा इतिहास एकल मालकीच्या क्लबांच्या समाधींनी भरलेला आहे. २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसी, भारत एफसी, मुंबई एफसी हे क्लब काही वर्षांतच राष्ट्रीय स्पर्धेतून नाहीसे झाले. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला व त्याची जागा हैदराबादने घेतली. या सर्वांचे मालक भारतीय आणि नामवंत होते. मुंबई सिटी मात्र समूह गेल्यानंतरही टिकला, कारण ३५ टक्के हिस्सा मूळ मालकांनी राखला होता व क्लब स्वीकारणारे हात जागेवर होते. अल्पमतातील स्थानिक भागीदारी सुखाच्या दिवसांत शोभेची वाटते. संकटात तीच क्लबचा आधार ठरते.

खरी उणीव अन्यत्र आहे. सहा वर्षांत चषक आले, पण क्लबचे स्वतःच्या मालकीचे मैदान झाले नाही. घरचे सामने अंधेरीतील शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलाच्या जेमतेम सात-आठ हजार प्रेक्षकांच्या मैदानावर होत राहिले, आणि आशियाई सामन्यांसाठी पुण्यातील बालेवाडी व नवी मुंबईचा आसरा घ्यावा लागला. समूहाच्या प्रशिक्षण-ज्ञानाचा झिरपा मुंबईबाहेर, विशेषतः विदर्भापर्यंत, पोहोचला असे म्हणता येत नाही. याच काळात नागपुरात फुटबॉल कोणी जगविला? जिल्हा संघटनेच्या साखळी स्पर्धांनी, नागपूर-कामठीच्या जुन्या क्लबांनी, आणि २००१ मध्ये प्रा. विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुलांसाठी सुरू केलेल्या 'स्लम सॉकर'सारख्या उपक्रमाने. एका महाविद्यालयीन क्रीडाशिक्षकाने पावसात फुटका डबा लाथाडणारी मुले पाहिली आणि त्यांच्या हाती चेंडू दिला. या कामात भागभांडवल नव्हते, म्हणून ते विकून निघून जाण्याचा प्रश्नही नव्हता.

८. उपाययोजनेची दिशा

वरील विवेचनावरून काही सूचना कराव्याशा वाटतात. बहुसंघ-समूहाला भारतीय क्लब घेण्याची परवानगी देताना किमान एक चतुर्थांश हिस्सा स्थानिक मालकांकडे किंवा समर्थकांच्या संस्थेकडे राखण्याची अट असावी. बाहेर पडण्यापूर्वी एका संपूर्ण हंगामाची पूर्वसूचना व तेवढ्या खर्चाची अनामत रक्कम लीगकडे असावी. युवा प्रशिक्षण केंद्राची मालमत्ता क्लबच्या कंपनीत न ठेवता स्वतंत्र न्यासाकडे द्यावी, म्हणजे समूह गेला तरी केंद्र उरेल. सार्वजनिक क्रीडा संकुल वापरणाऱ्या क्लबने राज्यातील अन्य जिल्ह्यांत प्रशिक्षक घडविण्याचे काही दायित्व स्वीकारावे. शारीरिक शिक्षणाची महाविद्यालये या शेवटच्या कामात नैसर्गिक भागीदार होऊ शकतात. नागपूर विद्यापीठाच्या परिसरात ही क्षमता आहे.

९. समारोप

बहुसंघ-मालकी क्लबला ज्ञान, सातत्य व आर्थिक बळ देते. त्याचबरोबर त्याचा निर्णयाधिकार दूर नेते व त्याला एका मोठ्या हिशेबातील एक ओळ बनविते. एकाच लीगमध्ये ती सचोटीला, एकाच देशातील दोन लीगमध्ये जुन्या क्लबाच्या अस्मितेला, आणि आंतरराष्ट्रीय समूहात क्लबच्या स्थैर्याला स्पर्श करते. यांपैकी कोणता परिणाम प्रबळ ठरेल हे मालकाच्या सद्हेतूपेक्षा लीगच्या नियमांवर आणि क्लबच्या स्थानिक मुळांवर अवलंबून असते. मुंबई सिटीच्या सहा वर्षांनी भारतीय क्लब आशियात जिंकू शकतो हे दाखविले. जिंकल्यानंतर मागे काय उरावे, याची तरतूद करण्याचे काम मात्र समूहाचे नव्हते. ते लीगचे, राज्य संघटनेचे आणि आपल्यासारख्या शिक्षणसंस्थांचे होते. आणि ते अद्याप व्हावयाचे आहे.